पाचवी पुडी

४ जानेवारी

प्रिय बिट्टी,

पत्रास कारण की, माझं नाक.

तू हसशील. फोन हाताशी असताना वहिनीला पत्राची हुक्की कुठून आली म्हणशील. पण मी तुला फोन लावला की तुझा दादा समोर येऊन बसतो आणि मध्येमध्ये ‘तिला म्हणावं, तिला म्हणावं’ करत राहतो. हे त्याच्यासमोर बोलायचं नाही.

नोव्हेंबरातल्या तापानंतर माझा वास गेला, ते तुला माहीत आहे. ताप उतरला, खोकला गेला, जिभेला गोड-खारट-आंबट-कडू कळायला लागलं. वास मात्र अजून थोडा कमी आहे. डॉक्टर म्हणाले, “येईल. ओळखीचे वास रोज घेत राहा, नाकाला आठवण करून द्या.” किती दिवसांत येईल, असं विचारलं तर म्हणाले, “ते तुमच्या नाकालाच विचारा.”

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तिने चार डबे हुंगून सोडून दिलं असतं. पण मी या नाकावर पोट भरते. डेअरीत टँकर आला की त्यातलं वाटीभर दूध कोमट करायचं, झाकण उचलायचं, वास घ्यायचा, घोटभर चाखून थुंकायचं आणि सांगायचं: घ्या, नाहीतर परत पाठवा. वीस वर्षं झाली. यंत्रं आहेत, ती फॅट सांगतात, पाणी सांगतात. गायीने काल काय खाल्लं, टाकी कशाने धुतली, दूध किती वेळ उन्हात उभं होतं, हे अजून नाकच सांगतं. माझी रजा महिनाअखेर संपते.

डबे मीही हुंगले. पण डब्यावर चिठ्ठी असते ना. ‘वेलची’ वाचलं की वेलचीचा वास आल्यासारखाच वाटतो. म्हणून तुझी आठवण झाली. तुझ्याकडे वजनाचा बारीक काटा आहे, कागद आहे आणि तू चहाड्या करत नाहीस. मला सात पुड्या पाठव. प्रत्येकीत एकच मसाला, वर फक्त आकडा. मी रोज संध्याकाळी एक पुडी दुधात घालीन, पिईन आणि काय आलं ते लिहीन. दूध अशासाठी की पाण्यात वास टिकत नाही, सायीत मुरतो. आणि खरं सांगू का, दुसरं काही चाखायला मला जमतच नाही.

पाठवशील ना?

तुझी वहिनी

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पाठवलं! या पत्राबरोबर जो जाडजूड पुडका आलाय तो तोच. आधी पत्र वाच, मग फोड. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू उलटं केलं असशील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कोपरापर्यंत खळीत होते. शाळेच्या ग्रंथालयाचे दोनशे कोश बांधायला आलेत, सगळ्यांच्या पाठी निघालेल्या. त्यामुळे रोज सकाळी पातेलंभर मैद्याची खळ शिजवते. तू तिथे दूध आटव, मी इथे खळ घोटते. आपल्या दोघींचा जन्म पळीने ढवळण्यात जाणार.

आता नियम ऐक.

मसाले अगदी वस्त्रगाळ केलेत. प्रत्येक पुडीत काजूची पूड आणि पिठीसाखर सारखीच, त्यात मसाला. म्हणजे डोळ्यांनी ओळखण्याची लबाडी चालणार नाही. कोशांची पानं कापून उरलेल्या पट्ट्या होत्या, त्यांच्याच घड्या घालून पुड्या केल्या आणि तोंडं खळीने चिकटवली. एखादीवर ‘अ ते ऊ’ असं काही छापलेलं दिसेल, तो मसाल्याचा इशारा समजू नकोस.

या विषयावर फोनवर एक अक्षर नाही. तू “तीन नंबर दालचिनी का गं?” विचारणार आणि माझ्या ‘हं’वरून ओळखणार. मला खोटं ‘हं’ करता येत नाही. म्हणून सगळं कागदावर.

आणि ते दूध करतेस कसं, नीट लिही. मी केलं की एकतर पांचट होतं, नाहीतर खालून लागतं. लग्न होऊन आलीस त्या वर्षी मला परीक्षेच्या दिवसांत करून द्यायचीस, तसं पुन्हा कुठे मिळालं नाही.

वहिनी, ‘थोडा कमी’ म्हणजे नेमका किती?

तुझी बिट्टी

१६ जानेवारी

प्रिय बिट्टी,

पुडका आधी फोडला. मग पत्र वाचलं.

दुधाचं असं. अर्धा लिटर घे, सायीचं, पाण्याचा थेंब न घातलेलं. पातेलं जाड बुडाचं हवं. आधी त्यात चमचाभर पाणी फिरवून घे आणि मग दूध ओत, म्हणजे चटकन धरत नाही. एक उकळी आली की आच इतकी बारीक कर की दूध नुसतं श्वास घेतंय असं वाटावं. कडेला साय धरते, ती पळीने सोडवून परत दुधात. हे तुझ्याकडून होत नसणार. तू पुस्तक वाचत ढवळतेस. पाऊण राहिलं की पुडी घालायची, पाच मिनिटं झाकायचं. मग दोन पेल्यांत उंचावरून खालीवर ओतायचं, फेस येईपर्यंत. तो फेस काही शोभेचा नाही. ओतताना वारा लागतो आणि वास मोकळा होतो. ओठाला लावायच्या आधी पेला नाकाखाली धरायचा.

आता निकाल.

एक नंबर: मिरी.
दोन: सुंठ.
तीन: केशर.

तीनही बरोबर असणार, अशी माझी खात्री आहे. तुझा दादा रोज उरलेलं पितो आणि विचारतो, “आज काय विशेष?” मी म्हणते, पोटाला चांगलं असतं. तो म्हणतो, पोट तर दिसतंयच.

‘थोडा कमी’ म्हणजे थोडा कमी. काळजी करू नकोस.

तुझी वहिनी

२१ जानेवारी

प्रिय वहिनी,

तिन्ही बरोबर! पत्र वाचून मी दुकानात एकटीच टाळ्या पिटल्या. मापं घ्यायला आलेले ग्रंथपाल दचकले. त्यांना वाटलं कोशांचं काम झालं.

आनंद झाला, खरंच. पण दुसऱ्या दिवशी कोशाच्या पाठीला कापड लावताना डोक्यात एक किडा वळवळायला लागला. तू तो काढून टाक. मिरी घशाला झोंबते. सुंठही. त्याला नाक कशाला लागतं? आणि केशर मी कितीही बारीक केलं तरी दुधात रंग सोडणारच. हे मला पुड्या भरताना सुचायला हवं होतं, पण मी काही तुझ्यासारखी परीक्षक नाही. तू डोळे मिटून प्यायलीस का? वास आला तो कसा आला, पेला नाकाखाली धरला तेव्हा की गिळल्यावर? तू नुसतं नाव लिहितेस. पूर्वी तू एका घोटावर दहा वाक्यं बोलायचीस. ‘हे दूध पत्र्याच्या डब्यात दुपारी दोनपर्यंत होतं,’ असं. आम्ही घरातले सगळे तोंडं वासून ऐकायचो.

दूध तुझ्या पद्धतीने केलं. पुस्तक न वाचता. लागलं नाही! पण श्वास घेणारं दूध बघत उभं राहायचं म्हणजे माणसाला नको ते सगळं आठवतं, हे तू सांगितलं नव्हतंस.

काल दादाचा फोन आला होता. तो म्हणे, तू सकाळी साडेसहालाच बाहेर पडतेस. रजेवर असताना? मी विचारलं तर म्हणाला, “फिरायला जात असेल.” आपल्या बायकोबद्दल ‘असेल’ म्हणणारा माणूस माझा भाऊ आहे, याची मला लाज वाटते.

फिरायलाच जातेस ना?

तुझी बिट्टी

२७ जानेवारी

प्रिय बिट्टी,

फिरायला जाते.

चार नंबर: वेलची.
पाच: लवंग. अगदी हलकी, पेला नाकाखाली धरल्यावर एकदाच, मग नाही.
सहा: जायफळ.

सातवी अजून आहे, कारण सहावीच्या दिवशी एक गोष्ट झाली आणि दूध करावंसं वाटलं नाही. पुडी घालून मी ढवळत उभी होते. खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी झटकत होती, तिच्याकडे बघत होते. पळी हातात, हात चालू. इतक्यात तुझा दादा बाहेरच्या खोलीतून धावत आला. “अगं, जळतंय!” दूध खालून धरलं होतं, काळं. घरभर वास पसरला होता म्हणे. जिन्यात खालची शेजारीणही आली. मी पातेल्यापासून वीतभर अंतरावर उभी होते, बिट्टी.

तुझ्या दादाने गॅस बंद केला. मग बाहीसुद्धा वर न करता ते पातेलं घासत बसला. मी वरचं दूध पेल्यात काढून घेतलं होतं, तेवढं प्यायले. म्हणून जायफळ.

तुझ्या पत्रातल्या बाकी प्रश्नांची उत्तरं नंतर लिहीन. आज हात दुखतोय.

तुझी वहिनी

१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. कोशांच्या पट्ट्यांवर लिहिते, त्यामुळे फाडायला कागद भरपूर आहे.

मी नववीत असताना तू मला एकदा डेअरी दाखवायला नेलं होतंस. पांढरा कोट घालून तू दहा वाट्यांसमोर बसली होतीस. नंतर मला म्हणालीस, “या दहांत एक वाटी साधी असते. निव्वळ चांगलं दूध, कसलाच दोष नसलेलं. दोष शोधायला बसलेल्या माणसाला दोष दिसतोच. जो त्या साध्या वाटीलाही नाव ठेवतो, त्याच्या बाकीच्या नऊ उत्तरांवर विश्वास ठेवायचा नाही.” मला ते इतकं आवडलं होतं की मी वर्गात सगळ्यांना सांगितलं.

पाचवी पुडी साधी होती.

काजूची पूड आणि पिठीसाखर, बस. लवंग तर मी सातांतल्या एकाही पुडीत घातली नाही. दालचिनी सातवी आहे, आता सांगून टाकते. मिरी, सुंठ, केशर, वेलची झाल्यावर डब्यात उरतं काय, याचा तू हिशेब लावलास, असं मला वाटतं. मला वाटतंय ते चूक असूदे.

मी तुला पकडायला ती पुडी घातली नव्हती. तूच शिकवलं होतंस म्हणून घातली. तुला आवडेल, म्हणशील ‘शाब्बास बिट्टे’, असं वाटलं होतं.

वहिनी, तुला काहीच येत नाही का?

तुझी बिट्टी

११ फेब्रुवारी

वहिनी,

दहा दिवस झाले. फोन लावला तर तू उचलत नाहीस. दादा उचलतो आणि म्हणतो, ती झोपलीय. संध्याकाळी सहाला? “ती आतल्या खोलीत आहे.” तुमच्या घराला आतली खोली एकच आहे आणि तो तिथूनच बोलत होता. मागे पंखा ऐकू येत होता.

शेवटी म्हणाला, “काय झालं ते तीच तुला सांगेल. पण ती डेअरीत जाऊन काहीतरी बोलून आलीय आणि तेव्हापासून गप्प आहे. तू लिही तिला.”

म्हणून लिहिते. रागाव माझ्यावर. भांड. नणंद-भावजय असून आपण एकदाही कडाकडा भांडलेलो नाही, लोकांना हे खरं वाटत नाही. पण गप्प बसू नकोस.

बिट्टी

१४ फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

शाब्बास, बिट्टे. हे आधी लिहायला हवं होतं. पुडी बरोबर घातलीस. मीही घातली असती.

आता सगळं सांगते, सरळ.

मला काहीच येत नव्हतं. थोडा कमी वगैरे नाही. नोव्हेंबरापासून एक कणही नाही. रॉकेल नाही, साबण नाही, तुझ्या दादाचा शर्ट नाही. सकाळी उठून मी त्याचा शर्ट नाकाला लावून बघायची. कापूस लागायचा नाकाला, बाकी काही नाही. जग काचेपलीकडे गेल्यासारखं झालं होतं.

तुझ्या पुड्या मी अशा ओळखल्या: मिरी घशाला झोंबली. सुंठ छातीत उतरली. केशराचा रंग. वेलची म्हणशील, तर तू दुधाच्या पुड्या भरणार आणि पहिल्या चारांत वेलची नसणार, हे शक्य नव्हतं. जायफळ जिभेला किंचित तुरट लागतं. सगळा तर्क. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी शिकाऊ मुलींना रागावले, तीच केली.

आणि मी जानेवारीच्या पहिल्या तारखेलाच कामावर गेले होते. तुला आणि तुझ्या दादाला रजेची थाप मारली; तो संध्याकाळी यायच्या आत मी घरी असायची. डेअरीत मला ‘कसं आहे आता?’ विचारलं, मी ‘छान’ म्हटलं. आमच्याकडे दोघी चाखतात, तुला आठवत असेल, माझी जोडीदारीण ठेंगणी आहे, हसरी. तिला दुधात काही खटकलं की तिची डावी भुवई वर जाते. तिला स्वतःला हे माहीत नाही. मी तिला म्हटलं, आजारातून उठलेय, तू आधी चाखत जा. मग मी वाटीत बघायचीच नाही, तिच्या भुवईकडे बघायची. तीन आठवडे एकही चूक नाही.

चोविसाव्या दिवशी ती आली नाही. तिच्या मुलीची शाळेत काहीतरी पडापड झाली होती. मी एकटी. तीन टँकर आले. मी तिन्हींना ‘घ्या’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिशव्या परत येऊ लागल्या. दुधाला साबणाचा वास होता, टाकी नीट विसळली नव्हती. कुणाला काही झालं नाही, बहुतेकांनी पहिल्या घोटालाच ओतून दिलं. पण त्या पिशव्या लहान मुलं असलेल्या घरांतही गेल्या होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, विचारलं. मी म्हटलं, “माझ्या वेळी वास नव्हता.” वाक्य खरंच होतं. तेच तर सगळ्यात वाईट.

तुझं पाचव्या पुडीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला पातेल्याच्या दिवशीच कळलं. तू सांगशील म्हणून थांबलो होतो.” आणि मी त्याला चहाडीखोर समजत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “वीस वर्षांत तुम्ही एकदा चुकलात आणि एकदा खोटं बोललात. चूक मी विसरीन.” मला बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या विभागात पाठवलंय. मार्चच्या मध्याला माझी परीक्षा घेणार आहेत, दहा वाट्या. जमलं नाही तर चाखण्याच्या टेबलावर पुन्हा बसायचं नाही.

मी बसू नये, असंच मला वाटायला लागलंय. पण एक गोष्ट सांगायची राहिली, तू हसू नकोस. सगळ्या पुड्यांचा मी तर्क केला, पाचवीचा केला नाही. पाचवीत झोंबलं काही नाही, रंग नाही, तुरट नाही. मी हताश होऊन पेला नाकाखाली धरला आणि एक क्षणभर, खरंच एकच क्षण, लवंग आली. दारातून कुणी डोकावून जावं तशी. म्हणूनच मी ‘हलकी’ लिहिलं होतं. मी इतकी खूश झाले होते, की त्या दिवशी दूध संपवलंच नाही, पेला घेऊन बसून राहिले. सहावी करतानाही मनात तीच घोळत होती, म्हणून तर पातेल्याकडे लक्ष राहिलं नाही.

आणि तीच पुडी साधी निघाली. म्हणजे माझं नाक गेलंच, वर ते खोटंही बोलायला लागलं.

तुझी वहिनी

१८ फेब्रुवारी

वहिनी! वहिनी! वहिनी!

बस खाली. पाणी पी. मग वाच.

तुझं पत्र वाचून मी रडले, ते जाऊदे. उत्तर लिहिलं, ते अतिशय समजूतदार आणि भिकार होतं. ‘मन भास निर्माण करतं’ वगैरे. ते पाकिटात घालून टपालात टाकायला गेले. खिडकीवर त्या चष्मेवाल्या बाई असतात, कायम कपाळाला आठ्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही त्या पुस्तकं बांधणाऱ्या ना? पत्ता न वाचता कळतं.”

मी म्हटलं, “कसं काय?”

“कसं म्हणजे? तुमच्या टपालाने माझा खण लवंगेसारखा घमघमतो. दातदुखीचं औषध विकता की काय?”

वहिनी, मी तिथेच उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, “ताई, सरका.” मी सरकले नाही.

मी खळीत लवंगेचं तेल घालते! पंधरा वर्षं घालते. मैद्याची खळ दोन दिवसांत आंबते, बुरशी धरते, पुस्तकांना कसर लागते. त्यावर हाच उपाय, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेला. माझं दुकान, माझे कपडे, माझे केस, कोशांच्या पट्ट्या, सगळं लवंगेत मुरलेलं आहे. मला तो वास येतच नाही, कारण मी त्यातच राहते. आणि मी त्याच पट्ट्यांच्या पुड्या केल्या, त्याच खळीने तोंडं चिकटवली आणि वर ऐटीत लिहिलं, लवंग मी घातलीच नाही!

बाकीच्या पुड्यांत मिरीने, सुंठेने, वेलचीने ती दाबून टाकली असणार. पाचवीत साखर आणि काजू. साखर वास किती ओढून घेते, हे तू मला सांगायचं का मी तुला? इतके दिवस ती त्या कागदात बसून होती.

खात्री करायला मी तशीच पुडी पुन्हा बांधली, दूध आटवलं, तुझ्या पद्धतीने. मला अर्थातच काही आलं नाही. म्हणून पेला घेऊन टपालात गेले. फेस जाऊ नये म्हणून वर बशी. त्या बाईंनी आधी मला वेड्यात काढलं, मग वास घेतला, मग प्यायल्या. म्हणाल्या, “लवंग जरा कमी पडलीय. पण दूध छान.” त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांपैकी एक गेली.

तुझं नाक खोटं बोललं नाही. साधी पुडी साधी नव्हती. चूक माझी, परीक्षा घेणारीची.

बिट्टी

२३ फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग नाकाला लावलं. काही आलं नाही. खिडकी लावली, पंखा बंद केला, पुन्हा लावलं. आली. दारातून डोकावली आणि गेली. मी खुर्चीवर बसून पाकीट मांडीवर ठेवलं.

पण एका वासावर टेबल मिळत नाही, मिळू नये. आणि आता मला माहीत आहे की तुझ्या पत्राला लवंगेचा वास आहे, म्हणजे या वासाला पुरावा म्हणून काही किंमत राहिली नाही. तू ओळखशील मला काय म्हणायचंय.

पुन्हा सात पुड्या पाठव. तुझ्या दुकानात भरू नकोस. खळ नको, कोशाचा कागद नको. झोंबणारं काही नको, रंग सोडणारं नको. साध्या किती ते सांगू नकोस. एकही नसली तरी चालेल, सगळ्या असल्या तरी चालेल.

मी डोळे बांधून पिणार आहे. तुझा दादा पेला हातात देणार आहे आणि त्याला सक्त ताकीद आहे की भुवया हलवायच्या नाहीत. तो म्हणतो, डोळे बांधल्यावर भुवयांचं काय? मी म्हटलं, तरीही.

तुझी वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पुड्या शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंच्या घरी भरल्या, नवीन बटर पेपरमध्ये. आधी डोक्यावरून आंघोळ केली, काकूंचा झगा घातला. काकू म्हणाल्या, “दूध करतेस की शस्त्रक्रिया?” तोंडं दोऱ्याने बांधलीत.

हे पत्र मुद्दाम वेगळं पाठवतेय, पुडक्याबरोबर नाही.

यावेळी टाळ्या पिटणार नाही. जे असेल ते लिही.

तुझी बिट्टी

९ मार्च

प्रिय बिट्टी,

एक: वेलची. गिळल्यावर, नाकाच्या मागच्या बाजूने. मंद, पण सालासकट.

दोन: काहीतरी आहे. गोडसर, लाकडासारखं. दालचिनी म्हणावंसं वाटतं, पण ते वाटणं आहे, वास नाही. ‘माहीत नाही’ लिही.

तीन: काही नाही. मी तिसऱ्या पेल्यावर खूप वेळ बसले. तुझ्या दादाने दोनदा विचारलं, “झालं का?” मनात येत होतं, जायफळ असेल, बिट्टीने ते नक्की घातलं असेल. मग मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि नुसतं दूध प्यायले. आटवलेलं, गोड, गरम, सायीचं. त्यात दुसरं काहीही नाही. बिट्टी, ‘काही नाही’ हे दोन शब्द मी नोव्हेंबरापासून कुठल्याच दुधाबद्दल म्हटले नव्हते.

चार: जायफळ. हे तर्काने नाही. पेला वर येतानाच.

पाच: माहीत नाही.

सहा: काही नाही.

सात: बडीशेप? तू बडीशेप घातलीस? दुधात?

तुझी वहिनी

१३ मार्च

प्रिय वहिनी,

बडीशेपच. तू तर्क करशील म्हणून मुद्दाम.

पाच जायपत्री होती, ती मलाही ओळखता येत नाही. दोन दालचिनी. एक आणि चार बरोबर.

तीन आणि सहा साध्या होत्या.

टाळ्या नाही पिटल्या. खाली बसले फक्त.

तुझी बिट्टी

१९ मार्च

प्रिय बिट्टी,

काल परीक्षा झाली. मी जोडीदारणीला माझ्या पाठीमागे बसायला सांगितलं. तिने विचारलं, “का गं?” मी तिला भुवईची गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. मग म्हणाली, “म्हणजे तीन आठवडे तुझी नोकरी माझ्या कपाळावर चालली होती.”

दहा वाट्या. सहा बरोबर सांगितल्या, त्यात साधी एक. तीन वाट्यांना मी ‘कळत नाही’ म्हटलं. एक चुकले. चौथ्या वाटीचं झाकण उचललं आणि मी मागे सरले. साबण. मोठ्या बाईंनी मुद्दाम ठेवली होती, त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण पेन थांबलं.

शेवटी म्हणाल्या, “सहा पुरेशा नाहीत.” मी म्हटलं, “नाहीत.” त्या म्हणाल्या, “पण तुमचं ‘कळत नाही’ ऐकून बरं वाटलं. एप्रिलभर दुसऱ्या खुर्चीवर बसा. आधी ती चाखेल, लिहील, वही मिटेल. मग तुम्ही. सही तिची. मेमध्ये पुन्हा दहा वाट्या.” वीस वर्षांपूर्वी मी सुरुवात केली तीच खुर्ची आहे. अजून तिचा एक पाय आखूडच आहे.

रोज संध्याकाळी दूध करतेच आहे. तू सुट्टी काढून ये. पुड्या आणू नकोस, रिकाम्या हाताने ये. इथे डब्यात सगळं आहे आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या आहेत. त्यामुळे तुझ्या दादाने काल चहात ओवा टाकला.

आज सकाळी टपाल आलं तेव्हा मी पीठ मळत होते. तुझ्या दादाने दार उघडलं, चार पाकिटं घेऊन आत आला आणि टेबलावर टाकली. मी मान वर न करता म्हटलं, “बिट्टीचं पत्र आलंय.”

त्याने पाकिटं चाळली, तुझं काढलं. मग नाकाला लावून बघितलं, पुढून, मागून.

“मला तर नुसता कागदाचा वास येतोय,” तो म्हणाला.

“तुला नाही यायचा,” मी म्हटलं.

तुझी वहिनी